निम्मेसाहेबांचा पियानो

"छापील किंमत म्हणजे दुकानदाराच्या मनातली इच्छा! आणि लोकांच्या इच्छा पुरवत बसायला आपण काय कल्पवृक्ष आहोत?"

एवढं बोलून निम्मेसाहेब ऐटीत खुर्चीत रेलले, आणि खुर्चीही त्यांच्याबरोबर रेलली. आधी तिचा मागचा डावा पाय गेला, मग उजवा, आणि पाठोपाठ साहेबांचे दोन्ही पाय वर आले. खुर्ची गेल्याच वर्षी निम्म्या किमतीत आणलेली होती.

"लागलं का हो?" बाईंनी टेबलाशी बसल्याबसल्या विचारलं. त्यांची बोटं मात्र थांबली नाहीत.

"प्रश्न लागण्याचा नाही," साहेब जमिनीवरून म्हणाले, "प्रश्न तत्त्वाचा आहे!"

निम्मे हे काही साहेबांचं आडनाव नव्हे. पंपांच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं खरेदी खात्याचे प्रमुख होते. नट असो, बोल्ट असो, नाहीतर मालाची लिफ्ट असो, समोरच्यानं आकडा सांगितला की साहेब कागदातून मान वर न काढता म्हणत, "निम्मे!" व्यापारी कपाळाला हात लावत, लेकराबाळांची शपथ घेत, आणि अखेर गळा दाटून आल्यासारखं करत कबूल होत. साहेबांनी कारखान्याचे किती लाख वाचवले याला गणती नव्हती. साहेबांच्या खोलीत शिरण्याआधी प्रत्येक व्यापारी जिन्यात थांबून कोटेशनवरचा आकडा दुप्पट करून घेई, ही गोष्ट फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून थेट मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. त्यासाठी जिन्याच्या कठड्याला दोरीनं बांधलेलं एक पेनसुद्धा होतं. साहेबांना तेवढं कुणी सांगितलं नाही. निरोपाच्या दिवशी व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र खरं होतं.

त्यांच्या पत्नीला सगळं जग 'बाई' म्हणायचं, कारण बाईंनी तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं होतं. कर्ता, कर्म, क्रियापद यांना आपापल्या जागी बसवता बसवता त्यांचे केस पिकले. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, गुडघ्यांवर औषधं चोळतात. बाईंनी कुणालाही न विचारता पियानोचा क्लास लावला. दोन गल्ल्या सोडून एक कडक शिक्षिका राहायची. तिच्याकडे आठवड्यातून दोनदा जायचं आणि उरलेले पाच दिवस घरी सराव करायचा.

अडचण एवढीच होती की सरावाला घरी पियानो नव्हता. तो घ्यायला साहेबांची ना नव्हती. त्यांना फक्त योग्य भाव हवा होता. आठ महिने झाले, ते योग्य भावाची वाट बघत होते. तोवर बाईंनी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर काळ्या शाईनं पट्ट्या काढल्या, आणि रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर तो पसरून त्या त्याच्यावर बोटं आपटू लागल्या. टप टप, टप टप. घरात सुतारपक्षी पाळल्यासारखं वाटे.

"काय वाईट आहे यात?" साहेब म्हणत. "वीज लागत नाही, सूर बिघडत नाहीत, शेजारी तक्रार करत नाहीत. वाजवून झालं की कपाटामागे सरकवायचा!"

"आवाज येत नाही," बाई म्हणत.

"येईल! भाव येऊ दे, आवाजही येईल!"

आणि मग एका गुरुवारी शिक्षिकेनं बाईंना निर्वाणीचं सांगितलं. पुठ्ठ्यावर जेवढं शिकता येतं तेवढं शिकून झालं. सोमवारपर्यंत घरी खरा पियानो आला तर ठीक. नाहीतर साडेदहाची वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल, तीन जण रांगेत आहेत. बाई घरी आल्या, टेबलाशी बसल्या, पुठ्ठ्यावर दोन्ही हात ठेवले आणि एकही बोट हलवलं नाही. पंधरा मिनिटं टपटप ऐकू आली नाही तेव्हा साहेब आतल्या खोलीतून धावत बाहेर आले. त्यांना वाटलं, काहीतरी बंद पडलं.

"शनिवारी जाऊ," ते म्हणाले. "पण माझ्या पद्धतीनं!"

ती पद्धत शुक्रवारभर पढवली गेली. एक, वस्तूकडे प्रेमानं बघायचं नाही. प्रेम दिसलं की भाव चढला! दोन, अंगावर विटका शर्ट घालायचा आणि चष्मा खिशात ठेवायचा. चष्मा लावून बिल वाचणारं गिऱ्हाईक गरजू दिसतं. तीन, आणि हा हुकमाचा एक्का! साहेबांनी उजवा कान खाजवला की बाईंनी तोंड आंबट करून दोनच शब्द बोलायचे. राहू दे!

"तू तसं म्हणालीस की आपण दोघं ताडकन उठून चालू लागायचं. दुकानदार मागे धावत येतो की नाही बघ!"

"काय राहू दे?" बाईंनी विचारलं.

"काय म्हणजे? नुसतं राहू दे."

"अहो, वाक्याला काही आगापिछा नको का? समोरच्यानं काय समजायचं?"

"समोरच्यानं घाबरायचं! हं, चल, मी दुकानदार. 'यापेक्षा एक पैसा कमी होणार नाही ताई.' आता मी कान खाजवतो. बोल!"

"राहू दे," बाई म्हणाल्या.

"असं नव्हे! हे तर तू पाहुण्यांना म्हणतेस, 'राहू दे हो, ताट मी उचलीन,' तसं झालं. जरा तुच्छतेनं!"

"राहू दे!"

"आता वर्गातल्या पोराला उठाबशा काढायला लावल्यासारखं झालं. पण चालेल. दुकानदार तेवढ्यानंही मरेल."

शनिवारी सकाळी अकरा वाजता दोघं दुकानात शिरले. काचेचा मोठा दर्शनी भाग, आत जमिनीभर गालिचा, आणि भिंतीला लागून काळ्या, पांढऱ्या, तपकिरी पियानोंची रांग, खांद्याला खांदा लावून कवायतीला उभी राहिल्यासारखी. दुकानदार गोल चेहऱ्याचा, मऊ आवाजाचा माणूस होता. बाजारात सतार जशी गवसणीत घालून नेतात तसा त्याचा आवाज जपून ठेवलेला होता. साहेबांनी त्याला एका नजरेत जोखलं. लोणी! सुरी लावायचीही गरज नाही.

"माउथ ऑर्गन बघायला आलोय," साहेब छताकडे बघत म्हणाले.

"हो का? या ना, या. तो कपाटात आहे."

"राहू द्या. आलोच आहोत तर हे खोके कसले ते बघू."

"डिजिटल पियानो आहेत, साहेब."

"अस्सं! म्हणजे खरे नव्हेत."

"बरोबर आहे," दुकानदार म्हणाला.

साहेब जरा चपापले. एकतीस वर्षांत त्यांचं म्हणणं एवढ्या पटकन कुणी मान्य केलं नव्हतं. त्यांनी दुसरा बाण काढला. "पट्ट्या फार आहेत."

"अठ्ठ्याऐंशी. फारच आहेत."

"आणि जड आहेत!"

"मुद्दाम तशा करतात, साहेब. खऱ्या पियानोसारखं वजन बोटाला लागावं म्हणून."

"वजन वाढवून भाव वाढवायचा, ही भंगारवाल्याचीसुद्धा युक्ती आहे," साहेब म्हणाले आणि बाईंकडे वळले. बाई जागेवर नव्हत्या. खिडकीजवळच्या काळ्या पियानोपाशी त्या उभ्या होत्या आणि एका बोटानं एकच पट्टी दाबून धरत होत्या. सूर हळूहळू विरत गेला. तो पुरता विरेपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही. आणि बघत होत्या कशा? प्रेमानं! पहिला नियम दुकानात शिरल्यावर चौथ्या मिनिटाला मोडला.

"हा केवढ्याला?" साहेबांनी घाईघाईनं, तोंड वाकडं करून विचारलं.

"हा अठ्ठ्याऐंशी हजार."

"पट्टीमागे हजार! निम्मे."

इथं दुकानदारानं कपाळाला हात लावायला हवा होता. त्यानं लेकराबाळांची आठवण काढायला हवी होती. त्यानं यातलं काहीच केलं नाही. त्यानं दोघांना टेबलाशी बसवलं, एक कागद पुढं ओढला आणि तो शांतपणे लिहू लागला. जिना, दोरी, पेन असल्या कसल्याच परंपरेशी त्याचा संबंध नव्हता.

"मी आधी सगळं मांडतो, साहेब. पियानो, तीन पेडलवाला स्टँड, बसायचं बाक, जादा पाच वर्षांची हमी आणि हेडफोन. हा झाला सगळा आकडा. आता तुम्हाला कमी हवं असेल तर एकेक काढत जाऊ. स्टँड काढून टाकू का?"

साहेबांना त्या कागदावर मुंग्यांची वरात दिसत होती. चष्मा खिशात होता. पण 'काढून टाकू' हे शब्द कानांवर पडले आणि त्यांचं काळीज सुपाएवढं झालं. माणूस हलला! लोखंड तापलं! त्यांनी उजवा कान खाजवला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. चेहरा अगदी ठरल्याप्रमाणे आंबट.

"बरं," दुकानदार म्हणाला. "मग बाक काढू का?"

विटक्या शर्टाची कॉलर उसवलेली होती आणि तिचा एक धागा नेमका साहेबांच्या कानामागे टोचत होता. त्यांनी पुन्हा खाजवलं.

"राहू दे."

"आणि हमी? ती काढली तर बरंच कमी होईल."

खाज वाढली.

"राहू दे!"

"हेडफोन?"

"राहू दे, राहू दे!"

दुकानदार प्रत्येक वेळी मान डोलवून कागदावर खूण करत होता. साहेबांना वाटलं, एकेक ओळ खोडतोय. बाईंचा तो करारी सूर, दुकानदाराची खाली गेलेली मान! ठरल्याप्रमाणे पहिल्याच 'राहू दे'ला उठायचं होतं, पण शत्रू पळत असताना सेनापती तंबूत परतेल कसा? त्यांच्या अंगात वीरश्री संचारली.

"अजून कमी करा!"

"अजून काढण्यासारखं काही उरलं नाही, साहेब. आता पियानोच काढावा लागेल."

"काढा!" साहेब गरजले आणि त्यांनी कान जवळजवळ ओरबाडला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. हे मात्र त्या अगदी हळू म्हणाल्या.

हाच तो क्षण! साहेब ताडकन उठले, शर्ट झटकला आणि मागे वळूनही न बघता दुकानाबाहेर पडले. कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयाच्या खांबाआड उभे राहून त्यांनी आकडे मोजायला सुरुवात केली. त्यांच्या अनुभवाप्रमाणे पंचविसाला दुकानदार धावत येतो. चाळीस झाले. साठ झाले. शंभरावर त्यांच्या लक्षात आलं की दुकानदार आला नाही. दीडशेवर लक्षात आलं की बायकोही आली नाही.

"दाढी का, साहेब?" आतून न्हाव्यानं विचारलं.

"निम्मे!" साहेब सवयीनं म्हणाले.

"निम्मी दाढी नाही करत आपण," न्हावी म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

साहेब पाय ओढत दुकानाशी परतले. लगेच आत जाणं म्हणजे नाक कापून घेणं, म्हणून त्यांनी काचेतून डोकावलं. नीट दिसेना. नाइलाजानं त्यांनी चष्मा काढून लावला. बाई बाकावर बसल्या होत्या. पाठ ताठ, मान जराशी कललेली, दोन्ही हात पट्ट्यांवर. त्या वाजवत होत्या. दुकानदार हाताची घडी घालून बाजूला उभा होता आणि एका पायानं ताल धरत होता. काच जाड होती आणि रस्त्यावर गाड्यांची वर्दळ होती. साहेबांना एक सूरही ऐकू आला नाही. फक्त बोटं दिसत होती. रोज टेबलावर दिसायची तीच. आठ महिन्यांत त्यांना कधी वाटलं नव्हतं की त्या टपटपीत एवढ्या थाटाचं काही दडलेलं असेल. त्यांनी चष्मा पुसला. उगाच. काच स्वच्छ होती.

आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवताना, नाकासमोर, त्याच काचेवर चिकटवलेली पाटी त्यांनी वाचली. अक्षरं वीतभर उंचीची होती.

'घासाघीस न करणाऱ्या ग्राहकांना दहा टक्के सूट.'

साहेबांनी पाटी दोनदा वाचली. मग उलट्या दिशेनंही वाचून पाहिली. अर्थ बदलला नाही.

तेवढ्यात दार उघडून दुकानदार धावत बाहेर आला. "साहेब! साहेब! अहो, इथं उभे आहात होय!"

आला! उशिरा का होईना, धावत आला! साहेबांनी छाती पुढं काढली. "बोला. काय म्हणताय?"

"तुमची सही राहिली."

साहेबांनी आत जाऊन कागद वाचला. या वेळी चष्म्यातून. मुंग्यांचे झाले हत्ती. एकही ओळ खोडलेली नव्हती. उलट प्रत्येक ओळीसमोर टपोरी बरोबरची खूण होती, आणि खाली आकडा होता एक लाख.

"हे काय? काढलंत ना तुम्ही सगळं?"

"मी कुठं काढलं, साहेब? मी काढत होतो. बाईच म्हणाल्या, राहू दे."

"राहू दे म्हणजे नको!"

"असं कसं? मी विचारलं, बाक काढू का? त्या म्हणाल्या, राहू दे. मग ते राहिलं. स्टँड काढू का? राहू दे. तोही राहिला."

साहेब बाईंकडे वळले. "अगं, तुला कळत होतं ना तो काय विचारतोय ते?"

"'राहणे' हे क्रियापद आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "म्हणजे टिकणे, असणे. दुसरा अर्थ प्रश्न कसा विचारला त्यावर अवलंबून. मी म्हटलं होतं तुम्हाला, वाक्याला आगापिछा हवा. आणि तुम्ही कान खाजवलात की म्हणायचं, एवढंच आपलं ठरलं होतं. तुम्ही दर वेळी खाजवलात."

"मला तिथं खरंच खाज येत होती!"

"ते मला कसं कळणार?"

साहेबांनी दुकानदाराला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. आयुष्यात पहिल्यांदा. "ती काचेवरची पाटी. दहा टक्के."

दुकानदाराला मनापासून वाईट वाटलं. "आता कसं जमणार, साहेब? सव्वा तास झाला. इतकी घासाघीस या दुकानात आजवर कुणी केली नाही."

एरवी साहेबांनी हे वाक्य चौकट करून भिंतीवर लावलं असतं. आज ते मुकाट्यानं सही करायला वाकले. पण हरलेल्या पैलवानालाही अंगाची माती झटकायची असते. कोपऱ्यात मखमली कापडाचा एक गठ्ठा त्यांना दिसला.

"ते काय?"

"पियानोवर घालायचं आच्छादन. धूळ बसू नये म्हणून."

"केवढ्याला?"

"बाराशेचं आहे, पण तुम्हाला फु..."

"निम्मे!" साहेब कडाडले.

"अहो, पण मी म्हणत होतो की..."

"एक शब्द नको! निम्मे म्हणजे निम्मे!"

दुकानदारानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं. "बरं, तुमची इच्छा," तो म्हणाला आणि त्यानं बिलात सहाशे वाढवले.

दोघं घरी निघाले. चौकात सिग्नलला उभं असताना साहेबांनी हळूच विचारलं, "ती पाटी. तू वाचली होतीस का?"

"आत शिरतानाच."

"मग बोलली का नाहीस?"

"काल दिवसभर तुम्ही एवढी तयारी केली होती," बाई म्हणाल्या. "किती खुशीत होता. म्हटलं, राहू दे."

सिग्नल सुटला तरी साहेब जागचे हलले नाहीत. बाईंनीच त्यांना कोपराला धरून रस्त्यापलीकडे नेलं.

रविवारी सकाळी दहा वाजता पियानो आला. दोन माणसांनी तो जिन्यावरून चढवला, पायांना पेच घातले, वायर जोडली आणि बाक समोर सरकवलं. ती माणसं जिना उतरतात न उतरतात तोच शेजारचे दंतवैद्य चाहूल घेत आले. साहेब बाकावर बसले, पट्ट्यांकडे पाठ करून, एका पायावर दुसरा पाय टाकून. खुर्ची मोडल्यापासून त्यांचा भरवसा बसावा असं घरात तेवढंच एक आसन होतं.

"केवढ्याला पडला?" दंतवैद्यांनी विचारलं.

"आकड्याचं सोडा हो," साहेब म्हणाले. "आकडा काय, कुणालाही विचारता येतो. लढाई कशी झाली ते ऐका! हे मखमली आच्छादन बघितलंत? बाराशेचं! दुकानदाराच्या तोंडातून शब्द फुटू दिला नाही. निम्म्यात!"

"वा!"

"अहो, शेवटी तो माझ्यामागे रस्त्यावर धावत आला. धापा टाकत! म्हणाला, इतकी घासाघीस करणारा माणूस या दुकानात आजवर पाहिला नाही. त्याच्याच तोंडचे शब्द. बाई साक्षीला आहेत."

बाई साक्षीला होत्या. सरावाची वही छातीशी धरून त्या बाकाशेजारी उभ्या होत्या.

साडेदहा झाले. दंतवैद्यांनी आपल्या पत्नीला बोलावून आणलं. मग वरच्या मजल्यावरचा विमा एजंट आला. प्रत्येकासाठी साहेबांनी लढाई पहिल्यापासून सुरू केली. दुसऱ्या फेरीत दुकानदार हात जोडत होता. तिसऱ्या फेरीत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारी साडेबाराला तो साहेबांच्या पायांशी बसून, मला शिष्य करून घ्या, म्हणत होता. मंडळी आ वासून ऐकत होती. दंतवैद्य तर सवयीनं सगळ्यांच्या दाढा न्याहाळू लागले होते.

"तर सांगायचं तात्पर्य काय," साहेबांनी बाकाच्या गादीवर थाप मारली, "सौदा करणं ही एक कला आहे! ती रक्तात असावी लागते. ती शिकवून येत नाही, विकत मिळत नाही, आणि ज्याला ती साधली त्याच्यापुढं जगातल्या कुठल्याही दुकानदाराची..."

"अहो," बाई म्हणाल्या.

"काय गं?"

"जरा उठता का? मला बसायचंय."